आमचा एक सल्ला

वकिलाचा सल्ला दोन प्रकारांनी वाया जातो, असे आमचे वकिलीतील गुरू म्हणत असत. अशील तो मुळीच ऐकत नाही, हा एक प्रकार. आणि अशील तो अक्षरशः ऐकतो, हा दुसरा. पहिल्या प्रकाराची आम्हांला वीस वर्षांत इतकी सवय झाली आहे की त्याचे काही वाटेनासे झाले आहे. दुसऱ्याचा अनुभव मात्र एकदाच आला, आणि तोही फी न घेता दिलेल्या सल्ल्याचा. ती हकीगत येथे सांगावयाची आहे. या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांची कुलदैवते आमच्या कुलदैवताप्रमाणेच अंत्रुज महालात आहेत. तेव्हा ती ऐकून घेण्याचा आणि आम्हांस चार शब्द सुनावण्याचा त्यांना इतरांहून थोडा अधिक अधिकार पोहोचतो. तो कसा, ते पुढे येईलच.

भोपाळात आमचे बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर आहे. वडील बँकेच्या नोकरीत बदलीवर येथे आले आणि तळ्याच्या वाऱ्याला भुलून येथेच राहिले. घरात आम्ही आईशी कोंकणीत बोलतो, सौभाग्यवतीशी मराठीत, मुलांशी दोन्हींच्या मिश्रणात, आणि अशिलांशी भोपाळच्या त्या हिंदीत, जिच्या प्रत्येक वाक्यावरून उर्दूची हलकी इस्त्री फिरलेली असते. आमच्या सज्जासमोर, मध्ये वीसेक हात रुंदीचा रस्ता सोडून, एक मराठी ख्रिस्ती कुटुंब राहते. त्या गृहस्थांना आम्ही काका म्हणतो. वय सत्तरीच्या पुढचे. 'भेल'चा कारखाना पिपलानीच्या बाजूस नुकता उभा राहिला होता, त्या काळात, म्हणजे १९६० च्या आगेमागे, त्यांचे वडील अहमदनगराहून (आता त्याचे अहिल्यानगर झाले आहे) येथे आले. काकांनीही त्याच कारखान्यात आरेखक म्हणून आयुष्य काढले. काकू परिचारिका होत्या. बोलणे दोघांचेही अस्सल नगरी. साठ वर्षे भोपाळात राहूनही त्या मराठीला हिंदीची बाधा झालेली नाही, याचा आम्हांला नेहमी हेवा वाटत आला आहे.

त्यांची आमची ओळख न्यायालयातच झाली. एका अपघाताच्या दाव्यात ते आमच्या बाजूचे साक्षीदार होते. पेशकाराने नेहमीच्या घाईने ईश्वराच्या नावाची शपथ सांगितली. काका शांतपणे म्हणाले, "मी प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने शपथ घेतली तर चालेल का?" समोरचे वकील हसले. आम्हीही, खरे सांगावयाचे तर, अस्वस्थ झालो. साक्षीदाराने आपला धर्म असा आपणहून पुढे मांडावा, याने साक्षीचे वजन वाढते की घटते, याचा हिशेब मनात सुरू झाला. न्यायाधीश मात्र जाणते होते. १९६९ च्या शपथ अधिनियमात साक्षीदाराच्या समाजात बंधनकारक मानल्या जाणाऱ्या शपथेस परवानगी देण्याची मुभा न्यायालयास ठेवलेली आहे. तिचा उपयोग करणारा माणूस आम्ही तोपर्यंत पाहिला नव्हता, इतकेच. बाहेर आल्यावर आम्ही विचारले, "ईश्वर म्हटले असते तर काय बिघडले असते?" ते म्हणाले, "काहीच नाही. पण ज्याच्या नावाने रोज उठतो-बसतो, त्याचे नाव नेमके खरे बोलायच्या वेळीच का गाळायचे?"

पुढे ते समोरच राहावयास आले, आणि हा त्यांचा स्वभावच आहे हे कळून चुकले. भेटल्यावर नमस्कार न म्हणता 'सलाम' म्हणत, नगरकडच्या ख्रिस्ती मंडळींची ती रीत आहे. जेवणापूर्वी पानावर डोळे मिटून क्षणभर थांबत. आमच्या घरी, हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत, कोठेही. आम्हांला उपदेश मात्र त्यांनी कधी केला नाही. एक पत्रक नाही की एक पुस्तिका नाही. विचारले तर सांगत, न विचारले तर राहत. पण लपवीत नसत.

पहिल्या गणेशचतुर्थीस आईने मुलाच्या हाती त्यांच्याकडे मोदक पाठवले. काका स्वतः डबा घेऊन आले आणि हात जोडून म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. हा नैवेद्य आहे, तो मी खाणार नाही. मोदक म्हणून असते तर चारही खाल्ले असते." आम्हांला ते लागले. शेजारधर्म म्हणून मुकाट्याने ठेवून घेता आला असता डबा, कोण पाहावयास येणार होते? परंतु आई जरा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली आणि ते गेल्यावर म्हणाली, "बरें जालें. मनांत एक आनी तोंडार एक, अशें ना." तेव्हापासून आमच्या घरी चतुर्थीस नैवेद्य दाखवून झाला की मोदकांचा आणखी एक घाणा चुलीवर चढतो. तो देवापुढे जात नाही, सरळ रस्ता ओलांडतो. नाताळात समोरून करंज्या आणि चकल्या येतात. त्यांच्याकडे दिवाळीचा फराळ नाताळात होतो, एवढाच काय तो फरक.

रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे आठ-दहा माणसे जमत. बहुतेक 'भेल'मधली जुनी मराठी मंडळी, एखादे केरळी जोडपे, आणि दाराशी टेकून बसणारी इस्त्रीवाल्याची बायको, जी ख्रिस्ती नव्हती आणि जिला गाणे आवडे. काकू हार्मोनियम घेत, एकजण झांज. 'उपासना संगीता'तली पदे म्हटली जात, त्यांतली बरीच रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. चाली अभंगाच्या. खिडकी उघडी असे. सूर रस्ता ओलांडून आमच्या सज्जात येत आणि आई तेथे वाती वळीत बसलेली असे. कित्येकदा झांजेच्या ठेक्यावर तिची मान हलताना आम्ही पाहिली आहे. एखाद्या नवख्यास पंढरीच्या वाटेवरची दिंडी समोरच्या घरात उतरली आहे असेच वाटले असते.

टिळकांचा आणि आमच्या या मुलुखाचा एक धागा आहे. ते नागपुराहून राजनांदगावास जात असता आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. ते साल १८९३. राजनांदगाव त्या वेळी मध्यप्रांतातले संस्थान, पुढे मध्यप्रदेशात आणि २००० सालापासून छत्तीसगडात. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई या घटनेने किती होरपळल्या, काही काळ पंढरपुरास जाऊन कशा राहिल्या, आणि सोवळे-ओवळे मनातून पुरते गळून पडल्यावरच, १९०० साली, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा कसा घेतला, हे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांस सांगणे नको. आम्हांला त्या पुस्तकातील एका गोष्टीचे फार वाटते. बाईंनी नवऱ्यासाठी श्रद्धेचे सोंग केले नाही. पाच वर्षे हिंदू राहून नांदल्या, तेही उघडपणे. आणि ख्रिस्ती झाल्या, तेही उघडपणे. टिळकांनीही आयुष्याच्या शेवटी, १९१७ साली, 'देवाचा दरबार' काढला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही मोकळा ठेवला. काकांच्या आजोबांनी नगरास विद्यार्थिदशेत टिळकांना पाहिले होते. ती आठवण त्या घरात एखाद्या दागिन्यासारखी जपलेली आहे.

भोपाळला असला उघडपणा नवीन नाही. नबाबांच्या पदरी येथे बूर्बाँ नावाचे एक ख्रिस्ती घराणे होते. आपला मूळपुरुष फ्रान्सच्या राजकुलातला असून तो अकबराच्या दरबारी आला, अशी त्या घराण्याची परंपरा; ती पुराव्याने सिद्ध झालेली नाही, पण घराणे खरे आणि त्याची भोपाळातली चाकरीही खरी. त्यातील बाल्थाझार बूर्बाँ हा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी राज्याच्या कारभारात अग्रभागी होता. सर जॉन माल्कम यानेही त्याचा उल्लेख केला आहे. पोशाख दरबारी, भाषा दरबारी, पुढे त्या घराण्यात उर्दूतले कवीही निपजले. पण लोक त्याला ओळखत ते शहजाद मसीह या नावाने. मुसलमान राज्यात बेगमेपासून हुजऱ्यापर्यंत ज्याने त्याने त्याला हाक मारावी आणि प्रत्येक हाकेत ख्रिस्ताचे नाव यावे! जहांगीराबादेतले चर्च याच घराण्याने त्याच शतकात बांधविले. जिल्हा न्यायालयातून जुन्या शहराकडे जाताना आम्ही त्या बाजूने शेकडो वेळा गेलो आहोत, आणि त्या नावाचा विचार मात्र परवा-परवापर्यंत केला नव्हता.

असो. मुद्द्यावर येतो.

तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी दहा-बारा दिवस, आमच्या वसाहतीच्या व्हॉट्सअॅप गटावर कोणीसे विचारले की रविवारी अमुक इमारतीत जे गाणे चालते ते 'नेमके काय' आहे. एवढेच वाक्य. त्याखाली दोन-तीन जणांनी नुसती प्रश्नचिन्हे टाकली. दुसऱ्या वसाहतीत कोणाच्या घरी प्रार्थना चालू असता माणसे दारात येऊन उभी राहिल्याची बातमी त्याच आठवड्यात कानावर होती. काका गटावर नव्हते. काकूंना कोणी तरी ते वाक्य दाखविले. त्या रात्री नऊ वाजता काका आमच्याकडे आले. हातात एक वही होती. वकिलाकडे जाताना काही तरी कागद हाती असावा, अशी त्या पिढीची समजूत आहे.

आम्ही त्यांना तासभर कायदा समजावून दिला. तो आम्हांला चांगला येतो, हे सांगण्यात गर्व नाही. घटनेचा पंचविसावा अनुच्छेद धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रचार करण्याचे स्वातंत्र्य देतो. 'प्रचार' हा शब्द ठेवावा की काढावा यावर घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये कडाक्याचा वाद झाला. लक्ष्मीकांत मैत्र, कृष्णम्माचारी आणि कन्हैयालाल मुनशी यांनी तो शब्द राखण्याच्या बाजूने भाषणे केली आणि तो राहिला. पुढे १९६८ साली आमच्या राज्याने धर्मस्वातंत्र्याचा अधिनियम केला. बळाने, फसवणुकीने वा आमिषाने केलेल्या धर्मांतरावर त्याने बंदी घातली. रायपूर भागातील एका पाद्र्यांच्या खटल्यात, १९७७ साली, सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला आणि प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क येत नाही असा निर्णय दिला. २०२१ मध्ये जुना कायदा जाऊन नवा, अधिक कडक कायदा आला. धर्म बदलणाऱ्याने साठ दिवस अगोदर कळवावयाचे, गुन्हा अजामीनपात्र, आणि धर्मांतर बेकायदेशीर नव्हते हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. मात्र तक्रार कोणाही वाटसरूस करता येत नाही. ज्याचे धर्मांतर झाले तो स्वतः, त्याचे आईबाप, भावंडे, किंवा न्यायालयाच्या अनुमतीने इतर नातलग, एवढ्यांनाच तो अधिकार आहे.

या सगळ्या प्रकरणात एक गोष्ट आम्ही काकांना मुद्दाम सांगितली, कारण ती आम्हांला स्वतःला फार आवडते. मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी तत्कालीन मध्यप्रदेश सरकारने १९५४ साली जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी. समितीचा अहवाल १९५६ साली आला. धर्मांतराविषयी त्यातील सूर कठोर होता. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, नागपुरास, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर बौद्ध धर्माची दीक्षा घेणाऱ्यांत न्यायमूर्ती नियोगीही होते! धर्म बदलण्याच्या प्रश्नाचा ज्याने कागदोपत्री इतका काथ्याकूट केला, त्याने स्वतःचा धर्म लाखो लोकांदेखत बदलला. काका हे ऐकून मनापासून हसले.

मग त्यांनी विचारले, "म्हणजे आमच्या गाण्याला कायद्याची हरकत नाही?"

"मुळीच नाही," आम्ही म्हणालो. "तुमच्याकडे जमतात त्यांचे आजे-पणजे ख्रिस्ती होते. कोणी धर्म बदलीत नाही. स्वतःच्या घरात पदे म्हणण्यास कोणाची परवानगी नको."

"मग मी काय करू?"

येथे आम्ही थांबावयास हवे होते. कायदा सांगून झाला होता. पण वकिलाच्या अंगात कायद्यापलीकडचा एक सावध माणूस राहत असतो, आणि अशिलांना बहुधा तोच अधिक प्रिय असतो. आम्ही म्हणालो, "काही दिवस खिडकी लावून घ्या. आणि ती इस्त्रीवाली बाई... तिला येऊ नको म्हणून सांगा."

"कायदा तसे सांगतो?"

"कायदा सांगत नाही. आम्ही सांगतो."

काकांनी वही मिटली. तिच्यात त्यांनी काहीच लिहिले नव्हते. "तुम्ही सांगता तर तसे करू," म्हणाले, आणि दाराशी वळून नेहमीप्रमाणे 'सलाम' म्हणून गेले.

त्या रविवारपासून खिडकी बंद झाली. पहिल्या दिवशी काचेआडून झांजेची किणकिण तरी येत होती. पुढच्या रविवारी झांज थांबली असावी. नाताळात दरवर्षी त्यांच्या सज्जात कागदी तारा लागे, आमच्या आकाशकंदिलाचा धाकटा भाऊ शोभावा असा. त्या वर्षी तो आतल्या खोलीत लागला. पडद्यातून नुसता तांबूस उजेड दिसे. ताऱ्याबद्दल आम्ही काही बोललो नव्हतो. सल्ला एकदा ऐकावयाचा ठरला की माणूस त्याचा अर्थ स्वतःच वाढवीत जातो. गटावरही पुन्हा कोणी काही विचारले नाही, त्यामुळे सल्ला 'यशस्वी' झाला असेच आम्ही धरून चाललो होतो.

आईने पहिल्याच महिन्यात विचारले, "जनेल कित्याक धांपलां तांणीं?"

आम्ही म्हणालो, "थंडी पडल्या म्हणून आसतलें."

न्यायालयात आम्ही पुष्कळ गोष्टी गाळतो, पण खोटे बोलत नाही. आईशी बोललो. आणि ते खोटे फार दिवस टिकणारे नव्हते, हेही त्याच क्षणी ठाऊक होते. कारण भोपाळची थंडी फाल्गुनात संपते. चैत्रात, उन्हे तापली तेव्हा, वाती वळता वळता तिने वर न पाहताच म्हटले, "आतां थंडी खंय आसा?" आम्ही वर्तमानपत्रात डोके घातले.

'जनेल' हा शब्द मात्र डोक्यात राहिला. मराठीत आम्ही खिडकी म्हणतो; आईच्या तोंडी जनेल. हा शब्द पोर्तुगिजांचा. ज्यांच्या भयाने आमच्या पूर्वजांनी घरे सोडली, त्यांचाच शब्द चारशे वर्षे आमच्या बायकांच्या तोंडी घरोघर उघडतो आणि मिटतो आहे. वाचकांस हा इतिहास नव्याने सांगणे म्हणजे आजीला अंगाई शिकविणे. १५६० साली श्रीमंगेशाचे लिंग कुशस्थळीहून, आजच्या कुठ्ठाळीहून, झुवारीपार प्रियोळास हलविले गेले. तो मुलूख तेव्हा पोर्तुगिजांच्या हाती नव्हता, विजापूरच्या आदिलशहाच्या अमलाखाली होता. म्हणजे आपल्या देवाला आसरा मिळाला तोही परधर्मीयाच्या राज्यात. त्याच साली गोव्यात इन्क्विझिशन बसले, ते १८१२ पर्यंत चालले. मागे राहिले त्यांचे काय झाले, तेही ठाऊक आहे. इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानाने नवख्रिस्त्यांच्या घरातली तुळस बंद केली, भात अळणी शिजविणे बंद केले, आणि लग्नातल्या ओव्या म्हणणेही बंद केले. ज्या ओवीत फादर स्तिफन्सांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापले आणि चर्चमधून लोकांना ऐकविले, तीच ओवी शंभर-सव्वाशे वर्षांनी लग्नघरात गुन्हा ठरली. सरकारी पहारेकरी दारावरून जात असता कोणा सासष्टीकरणीने आवाज खाली आणून, दारे-खिडक्या लावून, मुलीला हळद लावताना ती ओवी गुणगुणली असेल. ती बाई आमच्याच एखाद्या तुटलेल्या शाखेतली असणार. आणि तिला शेजारच्या कोणा जाणत्या माणसाने, अगदी मायेपोटी, सांगितले असेल: जनेल धांपून घे.

हे मनात आले त्या रात्री झोप नीट लागली नाही.

येथे काही वाचक म्हणतील की त्यांनी आपल्याला जे केले, त्याची ही कोठे बरोबरी? बरोबरी नाहीच. सरकारी फर्मान कोठे आणि शेजाऱ्याचा सल्ला कोठे. दुसरेही काही म्हणतील, आणि आमच्या परिचयातल्या एका सज्जनांनी ते तोंडावर म्हटले, की आमच्या देवळांच्या दगडांवर ज्यांनी चर्चे बांधली त्यांच्या खिडकीची काळजी आपण का वाहावी? याला आमच्याजवळ उत्तर एकच आहे आणि ते वकिली उत्तर आहे: पक्षकार चुकीचा जोडला आहे. नगरच्या शाळामास्तराचा नातू, 'भेल'मध्ये चाळीस वर्षे नकाशे काढून निवृत्त झालेला माणूस, गोव्याच्या विजरईचा वारस कोणत्या कलमाखाली होतो? आणि एक गोष्ट याहून आमच्या जवळची आहे. आमच्या मोटारीच्या काचेवर 'श्री मंगेश प्रसन्न' आहे. कपाळावर रोज सकाळी गंध असते, तसेच आम्ही न्यायालयात जातो. ते कोणाला दिसेल का, कोणी काही म्हणेल का, हा विचार वीस वर्षांत एकदाही शिवला नाही. आम्ही धीट आहोत म्हणून हे घडत नाही. आम्हांला कोणी विचारीतच नाही, आणि काकांना विचारले गेले.

वैशाखात एके संध्याकाळी आम्ही रस्ता ओलांडून त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "काका, तो सल्ला आम्ही परत घेतो."

ते खुर्चीवर वर्तमानपत्र वाचीत होते. चष्मा काढून म्हणाले, "सल्ला चुकीचा नव्हता, वकीलसाहेब. काही झाले नाही, हे खरे ना? फक्त फी जास्त पडली."

"फी?"

काकूंनी सांगितले. बंद खोलीत, खालच्या आवाजात गाणे जमेना. 'भेल'मधली दोन कुटुंबे येईनाशी झाली. त्यांनाही वाटले की काका घाबरले आहेत तर काही कारण असणार. इस्त्रीवाल्याच्या बायकोला काकूंनी येऊ नको सांगितले तेव्हा तिने कारण विचारले नाही, नुसती मान हलविली, आणि तेव्हापासून कपडे तिचा मुलगा आणून देतो, ती स्वतः येत नाही. हार्मोनियम होळीनंतर नगरास पुतण्याकडे पाठवून दिली. "येथे पडून भात्याला कसर लागली असती," त्या म्हणाल्या. आम्ही बंद खिडकीकडे पाहिले. कडी घट्ट बसली होती आणि तिच्यावर धूळ होती.

आम्ही घरी येऊन हे सगळे आईला सांगितले. थंडीची थापही कबूल केली. ती काही बोलली नाही.

त्यानंतरच्या रविवारी, सहाच्या सुमारास, ती लुगडे बदलून, कापसाची परडी घेऊन निघाली. गुडघ्यांमुळे ती जिने टाळते. तीन मजले उतरून समोरचे दोन चढली. आम्ही सज्जात उभे होतो. काही वेळाने समोरची खिडकी हलली. एकदा, दोनदा, कडी निघत नसावी. मग काकांचा हात दिसला आणि दोन्ही दारे बाहेरच्या बाजूस उघडली. आई खिडकीशी येऊन पदराने वारा घेत होती. नंतर कळले की तिने आत जाताच, मोडक्यातोडक्या मराठीत, फार उकडते आहे, एवढेच सांगितले होते.

आत पाचच माणसे होती. हार्मोनियम नव्हती. कोणी तरी पद धरले, फार खाली, आणि दुसऱ्या चरणापर्यंत आवाज वर आला. अभंगाची चाल, आईची मान हलताना दिसली.

आणि आम्ही काय करीत होतो, तेही सांगितले पाहिजे. आम्ही सज्जाच्या कठड्यावरून खाली वाकून रस्ता पाहत होतो. भाजीवाल्याची गाडी गेली. दोन मुले सायकलीवरून गेली. तळमजल्यावरचे एक गृहस्थ कुत्र्याला फिरावयास घेऊन निघाले होते, ते क्षणभर थांबले आणि त्यांनी वर पाहिले. आमच्या छातीत धस्स झाले. कुत्र्याने साखळी ओढली आणि ते पुढे गेले. पद केव्हा संपले, ते आम्हांला कळलेच नाही.

आई साडेसातला परतली. परडीत वातींचा ढीग झाला होता. पाण्याचा तांब्या खाली ठेवून ती म्हणाली, "पुता, तूं कित्याक आयलो ना? एक कदेल रितेंच आशिल्लें."